दोन दिव्यांमधली वायर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दिवसभर लेथ आणि ग्राइंडरचा आवाज असतो. त्याच गल्ल्यांमध्ये गाड्यांच्या विजेचं काम करणाऱ्यांची लहान लहान दुकानं आहेत. सेल्फ, डायनमो, वायरिंग, बॅटरी अशी कामं तिथे होतात. अशाच एका दुकानात एप्रिलच्या उन्हात १९९७ सालची एक मारुती ८०० आली. मालकीण निवृत्त प्राथमिक शिक्षिका, घर गगनबावड्याच्या रस्त्यावरच्या एका गावात. गाडी चालता चालता बंद पडायची आणि दहा-पंधरा मिनिटांनी, कुणी काहीही न करता, पुन्हा चालू व्हायची. कधी आठवड्यात दोनदा, कधी महिनाभर एकदाही नाही. गॅरेजमध्ये नेली की मात्र ठणठणीत.

तोपर्यंत त्या गाडीत बरंच काही बदलून झालं होतं. प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल, पेट्रोल फिल्टर, बॅटरी. कार्बोरेटर उघडून साफ झाला होता. प्रत्येक वेळी गाडी आठ-पंधरा दिवस चांगली चालली आणि प्रत्येक मिस्त्रीला आपलाच इलाज लागू पडला असं वाटलं. शेवटी एकाने सांगून टाकलं, ‘बाई, गाडीला काही नाही. तुमच्या चालवण्यात काहीतरी चुकत असेल.’

उद्यमनगरातल्या त्या दुकानाच्या वायरमननी बॉनेट उघडलंच नाही. बाईंना स्टूल दिलं आणि विचारायला सुरुवात केली.

‘बंद पडती म्हंजे कशी? आचके देत देत, का एकदम?’

‘एकदम. दिवा मालवावा तशी.’

‘तवा डॅशबोर्डवरचं लाल दिवं लागत्यात?’

‘लागतात. बॅटरीचा आणि ऑइलचा, दोन्ही.’

‘सेल्फ मारल्यावर?’

‘इंजिन फिरतं जोरात, पण उचलत नाही.’

‘मग बॅटरी कशापायी बदलली?’ हा प्रश्न त्यांनी बाईंना नव्हे, स्वतःलाच विचारल्यासारखा विचारला.

हा लेख त्या गाडीविषयी आहे आणि तिच्या निमित्ताने एका मोठ्या प्रश्नाविषयी: बघायला गेलं की जो दोष दिसत नाही, तो शोधायचा कसा? कायमचा दोष शोधणं तुलनेने सोपं. तुटलेली वायर तुटलेलीच सापडते. येऊन-जाऊन असलेला दोष मात्र माणसाच्या कसबापेक्षा त्याच्या विचाराच्या शिस्तीची परीक्षा घेतो. गाड्यांची दुरुस्ती ज्या पद्धतीने चालते, ज्या कामाचे पैसे मिळतात आणि ज्याचे मिळत नाहीत, त्यात नेमकी हीच शिस्त मागे पडते.

दोष येतो कुठून, जातो कुठे

धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून बसवले तर ते पूर्णपणे चिकटलेत असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते काही मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकलेले असतात आणि सगळा करंट त्या उंचवट्यांतून जातो. वायरी जोडणाऱ्या कपलरमधली पिन, फ्यूजची पट्टी, रिलेचा पाय, बॅटरीचं टर्मिनल, सगळीकडे हेच. गाडी नवी असते तेव्हा पितळी पत्तीची स्प्रिंग ताठ असते, दाब भरपूर असतो. वीस-पंचवीस वर्षांत उष्णतेने ती स्प्रिंग मऊ पडते. इंजिनच्या थरथरीने पिन जागच्या जागी केसाएवढी घासत राहते. घासून निघालेल्या कणांवर हवेतल्या प्राणवायूमुळे ऑक्साइडचा थर चढतो आणि हा थर वीज वाहू देत नाही.

मग एक दुष्टचक्र सुरू होतं. समजा, कॉइलला चार अँपिअर करंट लागतो आणि वाटेतल्या एका सैल जोडात अर्धा ओहम रोध तयार झाला आहे. गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली मांडलेल्या नियमाने हिशेब करा: त्या जोडावर दोन व्होल्ट खर्ची पडतात आणि तिथे आठ वॅट उष्णता तयार होते. पार्किंग लाइटचा बल्ब पाच वॅटचा असतो. म्हणजे प्लास्टिकच्या बंद कपलरच्या आत, एका पिनेवर, पार्किंगच्या बल्बपेक्षा जास्त उष्णता धुमसत असते. त्या उष्णतेने स्प्रिंग आणखी मऊ होते, रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते. एका टप्प्याला धातू फुगून जोड सुटतो आणि इंजिन बंद पडतं. करंट थांबला की जोड निवतो, पुन्हा टेकतो आणि गाडी चालू होते. दुरुस्तीवाला येईपर्यंत पुरावा नाहीसा झालेला असतो.

असा दोष चार कारणांनी येतो-जातो: उष्णता, थरथर, ओल आणि भार. आपल्याकडच्या जुन्या गाडीला चारही भरपूर मिळतात. कोकणातली खारी हवा टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढवते. घाटातल्या पावसात प्लगच्या जुन्या वायरींतून ठिणगी भलत्याच वाटेने उडते. अंधारात बॉनेट उघडून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला तर ती निळसर ठिणगी डोळ्यांनी दिसते. गोठ्याशेजारी किंवा शेतघरात उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात. बाहेरचं आवरण गेलं तरी आतले दोन-चार तंतू शाबूत राहतात आणि काम जेमतेम चालू राहतं.

यात सर्वांत जास्त दुर्लक्षित जागा म्हणजे अर्थिंग. गाडीत करंटची जायची वाट वायरीतून असते, पण परतीची वाट म्हणजे गाडीची बॉडी. बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन असे जाड पट्टे असतात. त्यांच्या नटाखाली गंज धरला की करंट मिळेल त्या दुसऱ्या वाटेने परततो. डावा इंडिकेटर दिला की मागचा पार्किंग लाइटही त्याच्याबरोबर लुकलुकतो, हे बिघडलेल्या अर्थिंगचं ठरलेलं लक्षण. इंजिनचा अर्थ अगदीच गेला असेल तर सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची केबल तापते, कारण सेल्फचा प्रचंड करंट त्या बारीक तारेतून परतू पाहतो.

हा प्रश्न एका देशाचा नाही, एका कंपनीचाही नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदच्या दशकात बनलेल्या होंडाच्या कित्येक गाड्यांची एक तक्रार जगभरच्या मिस्त्रींना पाठ आहे. उन्हात उभी राहिलेली गाडी सेल्फ घेते पण चालू होत नाही. काचा खाली करून थोडा वेळ थांबलं की होते. कारण डॅशबोर्डखालच्या मेन रिलेत सापडतं. त्याच्या छोट्या सर्किटपट्टीवरच्या डागाला, म्हणजे सोल्डरला, बारीक गोल तडा गेलेला असतो. उन्हाने तडा फाकतो, गारव्याने मिटतो. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांनी पेट्रोल पंप बदलले. ज्यांना माहीत होतं त्यांनी तोच रिले उघडून डाग पुन्हा दिला आणि गाडी वर्षानुवर्षं चालली.

आधी ऐकून घ्यायचं

उद्यमनगरातल्या त्या वायरमनचा पहिला नियम असा की चालवणाऱ्याचं म्हणणं खरं धरायचं. दोष गॅरेजात दिसला नाही याचा अर्थ तो नाही असा होत नाही. छातीत मधूनच धडधडतं म्हणणाऱ्या रुग्णाचा ईसीजी दवाखान्यात नॉर्मल आला तर चांगला डॉक्टर त्याला घरी पाठवत नाही, चोवीस तासांचं होल्टर यंत्र लावतो. वायरमनही बाईंच्या गाडीला तेच करणार होते. पण त्याआधी त्यांना बाईंचं पूर्ण म्हणणं हवं होतं.

आणि बाईंनी सगळं लिहून ठेवलेलं होतं. चाळीस वर्षं हजेरीपट भरलेल्या हाताने त्यांनी प्रत्येक बंद पडण्याची नोंद केली होती. तारीख, वेळ, निघून किती वेळ झाला, ऊन की पाऊस, टाकीत पेट्रोल किती, चढ की सपाट, किती वेळाने चालू झाली. आधीच्या एकाही मिस्त्रीने हे पाहायला मागितलं नव्हतं.

त्या नोंदी वाचताना वायरमन मोठ्याने विचार करत होते, आणि त्यांची ती रीत सविस्तर सांगण्यासारखी आहे. गाडी जवळपास तासभर चालल्याशिवाय बंद पडत नव्हती. म्हणजे काहीतरी तापावं लागत होतं. पावसाळ्यात तक्रार फारच कमी. म्हणजे ओल हे कारण नाही, उलट गारवा तिला मानवत होता. टाकी भरलेली असताना आणि रिकामी असताना सारखीच वागत होती आणि आचके न देता एकदम बंद होत होती. पेट्रोल कमी पडलं की इंजिन अडखळतं, दम टाकतं, मग थांबतं. एका क्षणात थांबलं तर बहुतेक वेळा ठिणगी गेलेली असते. सेल्फ जोरात फिरतो म्हणजे बॅटरी, जाड केबल आणि मुख्य अर्थिंग शाबूत. डॅशबोर्डवरचे लाल दिवे लागतात म्हणजे किल्लीच्या स्विचमधून करंट निदान डॅशबोर्डपर्यंत येतोय.

एका नोंदीवर मात्र ते थांबले. बाईंनी लिहिलं होतं: बंद पडल्यावर खाली उतरून दार जोरात लावलं, परत बसून किल्ली फिरवली, लगेच चालू झाली.

‘बाई, हितंच हाय उत्तर,’ ते म्हणाले. ‘दार आपटल्यावर कॉइल बरी होत न्हाई. कायतरी सैल हाय, आन ते दाराच्या बाजूला हाय. बॉनेटखाली न्हाई.’

एका पैशाचं सामान न उघडता शोधाची जागा इंजिनमधून डॅशबोर्डखाली सरकली होती.

मीटरवरचे बारा व्होल्ट

पुढचा टप्पा मोजण्याचा. इथे सर्वांत सामान्य गैरसमज मीटरबद्दलचा आहे. समजा, एका वायरीतला जोड गंजून जेमतेम टेकला आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर लावला तर तो तिथे पूर्ण बारा व्होल्ट दाखवील. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, आणि तेवढा करंट न्यायला तसा जोडही पुरतो. वायर चांगली आहे असं समजून माणूस पुढे जातो. त्याच जागी एकवीस वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावला तर तो पेटणार नाही किंवा मिणमिणेल. म्हणून जुने वायरमन दोन वायरी जोडलेला बल्बहोल्डर खिशात ठेवतात. वायर करंट वाहून नेऊ शकते का, हे तो बल्ब सांगतो. नुसतं व्होल्टेज पोचतंय का, एवढंच मीटर सांगतो. एक सावधगिरी मात्र हवीच: ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, असलेल्या गाडीत असा बल्ब कुठेही टेकवू नये, संगणकाच्या नाजूक सर्किटला तेवढा करंट झेपत नाही.

मीटर नीट वापरायचा तर भार चालू ठेवून वापरावा. शांत उभ्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना चार्जिंग १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असतं आणि सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली घसरू नये. ही तीन मापं घ्यायला पाच मिनिटं लागतात आणि निम्मे गैरसमज तिथेच संपतात. त्यानंतर खरी परीक्षा: मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. अर्थिंग चांगलं असेल तर मीटर व्होल्टच्या दशांशातच राहतो. अर्धा, एक, दीड व्होल्ट दिसला तर तेवढं व्होल्टेज परतीच्या वाटेवर वाया जातंय. काहीही न उघडता, काहीही न बदलता वायरीचं आरोग्य कळतं.

रात्रीत बॅटरी उतरण्याची तक्रारही याच जातीची. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून अर्धा अँपिअर गुपचूप जात असेल तर दिवसाला बारा अँपिअर-अवर गेले. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ टक्-टक् करतो. बहुतेक लोक अशा वेळी नवी बॅटरी घेतात, आणि नवी असेपर्यंत ती थोडी जास्त तग धरते, एवढंच. खरा उपाय म्हणजे सगळं बंद करून बॅटरीच्या केबलमध्ये अँपिअरमीटर लावणं आणि एकेक फ्यूज काढत जाणं. ५० मिलीअँपिअरपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर ज्या फ्यूजबरोबर आकडा खाली येतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे. कधी न विझणारा डिकीतला दिवा, कधी चिकटून बसलेला रिले. पुष्कळदा तो रिले हाताला कोमट लागतो.

दोष समोर येत नसेल तर त्याला यायला भाग पाडावं लागतं. उष्णतेचा संशय असेल तर केस वाळवण्याचं यंत्र घेऊन एकेक भाग तापवायचा. थरथरीचा असेल तर इंजिन चालू ठेवून वायरींचा जुडगा वीत-वीत हलवत जायचं, रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकायचं. ओलीचा असेल तर फवारा. या वेळी नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि दोष गेला, तर कशाने गेला हे कधीच कळत नाही.

असळजच्या अलीकडे

बाईंच्या गाडीला मात्र दुकानात कितीही हलवलं, तापवलं तरी ती बंद पडेना. डॅशबोर्ड पूर्ण न उघडता आतल्या सगळ्या वायरींपर्यंत हात पोचत नव्हता, आणि आंधळेपणाने उघडायला वायरमन तयार नव्हते. म्हणून त्यांनी तो होल्टरसारखा बंदोबस्त केला. पाच वॅटचे दोन बल्ब घेतले. एकाची वायर कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकाला जोडली आणि मधे लहान फ्यूज घालून रबरी ग्रोमेटमधून आत आणली. दुसऱ्याची फ्यूज बॉक्समध्ये, कॉइलकडे जाणाऱ्या फ्यूजच्या पुढच्या टोकाला. दोन्ही बल्ब डॅशबोर्डवर शेजारी शेजारी चिकटवले. इंजिन चालू असताना दोन्ही पेटलेले. बंद पडताना कोणता विझतो, यावर सगळा निवाडा.

दोन्ही विझले तर दोष फ्यूजच्या मागे: किल्लीचा स्विच, त्याचा कपलर किंवा फ्यूज स्वतः. दोन्ही पेटलेले राहिले तर करंट कॉइलपर्यंत पोचतोय, दोष कॉइलमध्ये किंवा पुढे डिस्ट्रिब्युटरमध्ये. फक्त कॉइलचा विझला तर दोष या दोन बिंदूंच्या मधल्या वायरीत. अंदाजाला जागाच नाही.

गाडी बाईंनीच चालवायची, असं त्यांनी ठरवलं. वायरमन शेजारी, मी मागे. ज्या हाताखाली दोष येतो त्याच हाताखाली, त्याच रस्त्यावर, त्याच उन्हात. रंकाळ्याच्या बाजूने बाहेर पडून बालिंगे, कळे मागे टाकत आम्ही गगनबावड्याच्या दिशेने निघालो. बाईंना एकच सूचना होती: ‘बंद पडली तर किल्लीला हात लावायचा न्हाई. आधी दिव्यांकडं बघायचं.’

असळजच्या अलीकडे एका खडबडीत पट्ट्यावर कॉइलचा दिवा मंद झाला, फडफडला आणि विझला. इंजिन त्याच क्षणी थांबलं. दुसरा दिवा लख्ख पेटलेला होता. बाईंनी गाडी कडेला घेतली. वायरमन वाकले, डॅशबोर्डखाली हात घातला आणि वायरींचा जुडगा चाचपत गेले. एका जागी त्यांचा हात थांबला आणि मागे आला. चटका बसला होता.

कारखान्यातून निघालेल्या गाडीत फ्यूज आणि कॉइल यांच्यामध्ये एक अखंड वायर असते, काळी, पांढऱ्या रेघेची. या गाडीत ती मधोमध कापलेली होती. दोन्ही टोकं पीळ देऊन, टेप गुंडाळून एका काळ्या चौकोनी रिलेला जोडलेली होती. पूर्वीच्या मालकाने कधीतरी चोरीविरोधी अलार्म बसवला होता. पुढे अलार्म बिघडला, भोंगा काढून टाकला, रिमोट हरवला. इंजिन तोडणारा रिले मात्र टेपच्या आत तसाच राहिला आणि गाडीच्या ठिणगीचा सगळा करंट वर्षानुवर्षं त्याच्या सैल सॉकेटमधून जात राहिला. सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी पडून वितळलं होतं, आतली पत्ती फाकली होती. बाईंना त्या रिलेबद्दल काही ठाऊक नव्हतं. गाडीच्या कुठल्याही वायरिंगच्या नकाशात तो नव्हता. जुन्या गाडीला कारखान्याचा एक नकाशा असतो आणि तिच्यावर हात फिरवलेल्या प्रत्येकाचा आणखी एक. हा दुसरा नकाशा कुणीच काढून ठेवलेला नसतो.

दुकानात परतल्यावर रिले काढून वायर जोडून टाकली असती तर काम पाच मिनिटांचं होतं. वायरमननी आधी वेगळं केलं. डॅशबोर्डचा खालचा भाग उतरवला, इंजिन चालू ठेवलं आणि गरम हवेचा झोत थेट त्या सॉकेटवर धरला. इंजिन बंद पडलं. निवू दिलं, चालू झालं. पुन्हा तापवलं, पुन्हा बंद. मग रिले काढला, वायरीची टोकं सोल्डरने जोडून हीटश्रिंकची नळी चढवली आणि त्याच जागी तेवढाच वेळ गरम हवा धरली. इंजिन एकसारखं चालत राहिलं.

‘आता म्हणायचं सापडलं,’ ते म्हणाले. आपल्या इच्छेने आणता आला आणि आपल्या इच्छेने घालवता आला, तेव्हाच दोष सापडला. त्याआधी जे असतं तो अंदाज.

क्रमांक तोच, भाग वेगळा

नोंद न ठेवता बदल करण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेतल्या एका प्रकरणाने जगाला दाखवलं. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट आणि आणखी काही गाड्यांत किल्लीच्या स्विचमधली स्प्रिंग कमजोर होती. जड जुडगा लटकत असेल, गुडघा लागला किंवा खड्डा बसला तर किल्ली आपोआप ‘रन’वरून ‘ॲक्सेसरी’वर घसरायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेकची मदत गेलेली आणि सर्वांत भीषण म्हणजे एअरबॅगही निष्क्रिय. दोष अधूनमधूनचा होता. तपासायला नेली तेव्हा किल्ली आपल्या जागीच असायची.

२०१० मध्ये जॉर्जिया राज्यात एका तरुणीचा अशाच कोबाल्टमध्ये मृत्यू झाला. तिच्या कुटुंबाने लावलेल्या दाव्यात मार्क हूड या अभियंत्याने त्या गाडीचा स्विच तपासायला घेतला आणि तुलनेसाठी बाजारातून त्याच क्रमांकाचा नवा स्विच विकत आणला. दोन्ही उघडून शेजारी ठेवल्यावर दिसलं की नव्या स्विचमधला दट्ट्या लांब आणि स्प्रिंग ताठ आहे. म्हणजे कंपनीत कुणीतरी दोष ओळखून भाग सुधारला होता, पण भागाचा क्रमांक बदलला नव्हता. त्यामुळे नंतरच्या गाड्यांत अपघात का घटले हे आकडे पाहणाऱ्यांना कळेना, आणि जुना स्विच असलेल्या गाड्या रस्त्यावर तशाच धावत राहिल्या.

२०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. नुकसानभरपाईच्या निधीने या दोषाशी जोडलेले १२४ मृत्यू मान्य केले. २०१५ मध्ये कंपनीने फौजदारी चौकशी मिटवताना ९० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. बाईंच्या गाडीतला टेपखालचा रिले आणि हा स्विच यांच्या परिणामांची तुलना होणार नाही. पण त्यांच्यामागची चूक एकाच कुळातली आहे. बदल केला, पण त्याची नोंद ठेवली नाही. जो बदल लिहिला जात नाही तो पुढच्या माणसाच्या दृष्टीने झालेलाच नसतो, आणि पुढचा माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो.

शोधण्याची मजुरी

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनीची वायरिंग एका माणसाच्या डोक्यात मावायची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती निघायची. मोजके फ्यूज, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर. ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयाची वीस वर्षं पूर्ण करून रस्त्यावरून उतरली. आजच्या गाडीत डझनावारी संगणक एकमेकांशी बोलतात आणि स्कॅनर लावला की दोषाचा कोड येतो. कोड मोठी मदत आहे, पण तो लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड आला म्हणजे सेन्सर गेला असं नव्हे. सेन्सरपर्यंतची वायर, कपलर, अर्थ, काहीही असू शकतं. तरी बहुतेक ठिकाणी सेन्सर बदलला जातो, कारण सेन्सर विकता येतो. तास दोन तास खर्चून कपलरमधली पत्ती पिनेने घट्ट केली तर बिलावर लिहायचं काय, हा प्रश्न पडतो.

हा प्रश्न आपण गाडीवाल्यांनी निर्माण केला आहे. हजाराची कॉइल बदलल्याचे पैसे आपण तक्रार न करता देतो. ‘दोन तास शोधलं आणि एक वायर जोडली’ म्हणणाऱ्याशी मात्र घासाघीस करतो. त्या वायरमनच्या मुलाने आयटीआयमधून याच कामाचं शिक्षण घेतलं आहे, पण तो आता बॅटरी आणि ॲक्सेसरीच्या दुकानात बसतो. कारण तिथे वस्तू विकली की नफा ठरलेला. वडिलांचं कसब पुढे जायचं असेल तर विचार करायला लागणाऱ्या वेळेला भाव यावा लागेल.

खाजगी गाडीची पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. गावोगावी अशा जुन्या गाड्या आहेत आणि त्यांची गरज असलेली माणसंही. एकट्या राहणाऱ्या, दवाखान्यासाठी तीस-चाळीस किलोमीटर जाणाऱ्या माणसाला घाटात बंद पडणारी गाडी ही कटकट नाही, धोका आहे. म्हणून अशा मालकांसाठी चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बंद पडण्याची प्रत्येक वेळ लिहून ठेवा आणि ती नोंद मिस्त्रीपुढे ठेवा. त्या वेळी कोणते दिवे लागले, सेल्फ फिरला का, हे पाहिल्याशिवाय किल्ली पुन्हा फिरवू नका. गाडीत अलार्म, टेपरेकॉर्डर, जादा हॉर्न, जादा दिवे बसवले असतील किंवा पूर्वीच्या मालकाने बसवले असण्याची शक्यता असेल, तर शोध तिथून सुरू करायला सांगा. आणि किल्लीच्या जुडग्यात गाडीच्या किल्लीशिवाय काही ठेवू नका.

पाचवी गोष्ट गॅरेजवाल्यांसाठी. काय बदललं याच्याबरोबर काय सापडलं आणि ते कसं पडताळलं हेही लिहून द्या. शोधण्याची मजुरी वेगळी लावा, उघडपणे लावा. दोष न सापडताच भाग बदलायचा असेल तर तसं आधी सांगा. बाईंनी त्या दिवशी वायरमननी सांगितलेले पैसे मोजून दिले आणि आपल्या वहीत शेवटची नोंद त्यांच्याकडूनच लिहून घेतली: फ्यूज ते कॉइल वायरीतला जुन्या अलार्मचा रिले काढला, वायर सोल्डरने जोडली, तापवून पाहिली. पुढे ही गाडी कुणाच्याही हातात गेली तरी तिच्यात काय केलं आहे हे त्याला पहिल्याच दिवशी कळेल.